श्रोत्यांवाचून मैफल

पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत श्रोता म्हणून जो एक प्राणी आढळतो, तो तिकीट काढतो, क्रमांक पाहून आसनावर बसतो, दिवे मालवले की अंधारात आपले अस्तित्व विसर्जित करतो आणि मध्यंतरात बटाटेवडा खाण्यापुरता पुन्हा देह धारण करतो. गायकाचे बरेवाईट जे काही व्हायचे ते त्याच्या देखत पण त्याच्या संमतीवाचून होते, आणि शेवटी टाळ्या वाजवून तो आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाई या गावी, देवीच्या सभामंडपात भजन किंवा गोंधळ ऐकण्याचा योग ज्यांना येईल त्यांनी हा प्राणी तेथे हुडकण्याचे श्रम घेऊ नयेत. तो तेथे निपजतच नाही. सभामंडपाची पायरी चढून जो मनुष्य आत येतो त्याच्याकडे चपला काढता काढताच काही ना काही हुद्दा चालून येतो, आणि एकदा हुद्दा आला की ऐकणे हे काम ओघानेच दुय्यम ठरते.

गावाची कैफियत थोडक्यात अशी. व्यापारी लोक या गावाला हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेवरून ओळखतात. हंगामात येथे मिरचीच्या गोण्या ट्रकांत चढत असतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की कोणाच्याही घशाचा षड्ज स्थिर राहत नाही. हा मुलूख पूर्वी निजामाच्या अमलाखाली होता. १९४८ च्या सप्टेंबरात तो अंमल संपला, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा भोकरदनचे दप्तर औरंगाबादेहून निघून जालन्यास रुजू झाले. सर्व सरकारे बदलली, सर्व शिक्के बदलले; परंतु रेणुकाईच्या सभामंडपातील मानकऱ्यांच्या हुद्द्यांची फेरतपासणी करण्याचे धाडस आजवर एकाही सरकारने केलेले नाही.

रात्रीचा आरंभ भजनी मंडळाने होतो, कारण गोंधळी मंडळी तेव्हा जेवत असतात. हे जेवण फार महत्त्वाचे. रात्रभर उभे राहून गायचे असल्यामुळे गोंधळ्यांचा मुख्य गायक, म्हणजे नाईक, बेताने जेवतो, आणि त्याने बेताने जेवू नये म्हणून आग्रह करणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग गावात आहे. तोपर्यंत सभामंडप भजनी मंडळाच्या ताब्यात असतो आणि भजनी मंडळ पखवाजाच्या ताब्यात असते. पखवाजाच्या धुमेवर कणीक थापल्यावाचून तो घुमत नाही, ही गोष्ट संगीताच्या ग्रंथांत एका ओळीत आटोपलेली असते. पिंपळगावात त्या ओळीचा विस्तार अर्धा तास चालतो. कणीक कोणाच्या घरून यावी हा पहिला मुद्दा. तो परंपरेने मिटलेला आहे. पण ज्या घरचा मान आहे त्या घरच्या सूनबाई नेमक्या माहेरी गेलेल्या असतात, आणि दुसऱ्या घरची कणीक घ्यावी तर पुढच्या वर्षी तिचा पायंडा पडून तक्रार उभी राहील, म्हणून तिसऱ्याच घरची आणून ती पहिल्या घराच्या परातीतून आणली जाते. कणीक आली की तिचा घट्टपणा ठरवणारे पुढे सरसावतात. एक म्हणतो सैल आहे, दुसरा म्हणतो घट्ट आहे, तिसरा चिमूटभर बोटांत घेऊन चोळतो आणि गव्हाची जात सांगतो. सेवानिवृत्त झालेले एक तलाठी या प्रसंगी हटकून उपस्थित असतात. लोकवन गव्हाच्या कणकेला नाद चांगला येतो आणि शरबतीची कणीक लवकर सुकते, असा त्यांचा अभिप्राय असून तो त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही मागे घेतलेला नाही. पखवाजवादक या सर्वांचे ऐकतो, मान डोलावतो, आणि त्याला जेवढी लावायची असते तेवढीच कणीक लावतो. मग हातोडी घेऊन गट्टे ठोकू लागतो. गट्टा ठोकावा आणि कान जवळ न्यावा, पुन्हा ठोकावा आणि पुन्हा न्यावा, असे करताना त्याच्या मुखावर जी समाधी दिसते ती प्रत्यक्ष वादनात पुढे क्वचितच दृष्टीस पडते. म्हणून चोखंदळ मंडळी सूर जुळवण्याच्या वेळेसच येऊन बसतात.

पेटीचा प्रश्न निराळा आहे. पेटीवाला काळी चारच्या खाली येण्यास तयार नसतो आणि बुवांचा आवाज काळी एकच्या वर चढण्यास तयार नसतो. या दोन सत्तांमध्ये तह घडवून आणण्याचे काम टाळकऱ्यांकडे असते, आणि ते ते काम दोघांनाही ऐकू येणार नाही इतक्या मोठ्याने टाळ वाजवून पार पाडतात. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला आपल्या स्टुडिओतून हद्दपार केले आणि सुमारे तीन दशके, म्हणजे १९७१ पर्यंत, आत घेतले नाही. तिच्या ठरावीक स्वरांना आपल्या रागदारीतील श्रुती आणि मींड पेलत नाहीत, असा विद्वानांचा आक्षेप होता. तो शास्त्रदृष्ट्या रास्तच असेल. परंतु त्या सबंध कालखंडात खेड्यापाड्यांतील सभामंडपांतून पेटी एक दिवसही उठली नाही, याचे कारण तेथे श्रुतींचा कोणी अपमान करीत होते असे नसून, पेटी उठवली तर पेटीवाल्याला कोणत्या कामावर लावायचे याची तोड कोणालाही सुचत नव्हती. सभामंडपातील सर्व वाद्ये अखेर माणसांच्या सोयीसाठी असतात. चिपळ्या ज्याला ताल कळत नाही त्याच्या हाती द्याव्यात, कारण तो निदान उत्साहाने वाजवतो. आणि वीणा ज्याच्यावर कोणाचाच राग नाही अशा माणसाच्या गळ्यात घालावी. सप्ताहात ती सात दिवस खाली ठेवावयाची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देताघेताना दोघांनी परस्परांच्या पाया पडावयाचे असते. गावात ज्यांच्यात बांधावरून वाद चालू आहे अशा दोन भावांचे पहारे लागोपाठ लावण्याची दक्षता पहाऱ्यांची यादी करणारा दरवर्षी घेतो.

एवढ्यात गोंधळी मंडळी हात धुऊन येतात आणि सभामंडपाचा नूर पालटतो. पाटावर कोरे वस्त्र अंथरून त्यावर धान्याची रास, राशीवर कलश, कलशावर विड्याची पाने आणि नारळ, आणि भोवती धाट्यांचा आडोसा असा चौक मांडला जातो, दिवटी पाजळते, संबळ कमरेला बांधला जातो. संबळ म्हणजे एकमेकांना जखडलेले दोन भांडे-नगारे, एक थोरले आणि एक धाकटे. वाजवायच्या दोन काठ्यांपैकी एक टोकाशी वळवलेली असते. तुणतुण्याला तार एकच. ज्या वाद्याला एकच तार आहे ते बेसूर होण्याचा संभव कमी, असे कोणाला वाटेल. पण एकाच तारेवर सबंध रात्र उभी करायची म्हणजे ती तार लावणाऱ्याला चुकीची मुभा मुळीच उरत नाही, ही गोष्ट तुणतुणे हाती घेतल्यावाचून ध्यानात येत नाही. मला ते एकदा धरावयास दिले होते. अर्ध्या घटकेत ते काढूनही घेण्यात आले.

या मंडळींत रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद आहेत. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजापूरच्या भवानीचे. पिंपळगावच्या नावातच रेणुकाई असल्यामुळे येथे कोणाचा अधिकार, हे निराळे सांगावयास नको. पहिला गोंधळ परशुरामाने घातला, अशी त्यांची कथा आहे: त्याने बेटासुर नावाच्या दैत्याला मारले, त्याच्या मस्तकाचे वाद्य केले, त्याच्याच शिरांची तार ओढली, आणि ते वाजवीत येऊन माता रेणुकेला वंदन केले. ते वाद्य म्हणजे तुणतुणे असे कोणी म्हणतो, चौंडके असे कोणी म्हणतो. या मतभेदाचा निकाल लावण्यासाठी गावातील दोन ज्येष्ठ नागरिक दरवर्षी त्याच खांबाला टेकून तोच युक्तिवाद करतात आणि दरवर्षी निकाल तहकूब होतो. ज्यांना पुराणकथेपेक्षा दप्तरी पुरावा अधिक मानवतो त्यांच्यासाठी तोही आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात गोंडली नृत्याचा उल्लेख येतो, आणि पुढच्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी देवगिरीस राहून शार्ङ्गदेवाने जो 'संगीतरत्नाकर' लिहिला त्यातही त्याची दखल आहे, डॉ. रा. चिं. ढेरे यांनी मराठी लोकसंस्कृतीच्या उपासकांची जी नोंद करून ठेवली आहे ती वाचली म्हणजे ही वंशावळ नीट उलगडते. भोकरदनच्या माणसाला देवगिरी म्हणजे काही परमुलूख नव्हे. शार्ङ्गदेवाने हा प्रकार कोठे उभे राहून पाहिला हे ग्रंथात नसले, तरी आमच्या तलाठीसाहेबांना त्याविषयी तिळमात्र शंका नाही. आणि त्या वेळी शार्ङ्गदेवाकडे कणकेचे काम असावे, इतपत अनुमान मीही करू धजतो.

गोंधळाच्या पूर्वरंगात देवतांना पाचारण करावयाचे असते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, सप्तशृंगी, जेजुरी, पंढरपूर अशी ठाणी घेत घेत नाईक एकेका दैवताला आमंत्रण देत जातो. हा हजेरीपट नुसता ऐकून घ्यावा अशी कल्पना परक्या माणसाची होईल. येथे तो तपासला जातो. राजूरचा गणपती याच तालुक्यातला, त्याचे नाव यायला जरा उशीर झाला की मागून आवाज येतो, "नाईक, घरचाच माणूस राहिला की!" त्याचे नाव आले की खंडोबाच्या घराण्यातील कोणी खाकरतो, म्हसोबाच्या वस्तीवरचा कोणी हात वर करतो, शेताच्या बांधावरच्या एखाद्या शेंदूर फासलेल्या धोंड्याची वकिली करण्यासाठी त्याचा मालक उठून उभा राहतो. नाईक कोणालाही नाही म्हणत नाही. तो प्रत्येक देव त्याच चालीत, त्याच मात्रांत बसवून देतो, आणि एखाद्या दैवताचे नाव चालीपेक्षा लांब निघाले तर संबळवाला एक ठोका गिळून त्याला जागा करून देतो. अभिजात संगीतात याला काही भारदस्त संज्ञा असेल. मला ही संबळवाल्याची सज्जनता वाटते.

आता ध्वनिक्षेपकाविषयी. भोंग्याचा मालक हा संध्याकाळच्या पहिल्या प्रहरातील सर्वाधिकारी पुरुष होय. तारा त्याच्या, खोका त्याचा, बटणे त्याची. "हॅलो, हॅलो" या आद्य मंत्राचे उच्चारण तो इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या भावांनी करतो, की नवख्याला तोच कार्यक्रम वाटावा. बुवांनी आलाप घेतला की त्याला आवाज कमी करण्याची आठवण होते, आणि बुवा श्वास घेण्यास थांबले की वाढवण्याची. परंतु २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात भोंग्यांना मनाई केली. सणावारी सरकार मोजक्या दिवसांची बारा वाजेपर्यंत सवलत देते, पण गोंधळ काही बाराला संपत नाही, तो त्या सुमारास कोठे जमू लागतो. तेव्हा कायद्याने ठरवून दिलेल्या क्षणी भोंग्याचा मालक पदच्युत होतो. तो तारा गुंडाळतो, खोक्यावर सतरंजी टाकतो आणि थोडा वेळ खिन्न होऊन बसतो. त्याच्या खेरीज कोणालाही काही उणे भासत नाही. संबळाला विजेची गरज पूर्वीही नव्हती. आणि नाईकाचा गळा असा, की भोंगा बंद झाल्यावर तो शेवटच्या ओळीपर्यंत नुसता पोहोचतच नाही, तर कळतोही. पर्यावरण खात्याने लोकसंगीतावर नकळत केलेला हा सर्वांत मोठा उपकार आहे, आणि त्याबद्दल त्या खात्याचा नारळ देऊन सत्कार व्हावा अशी सूचना मी मांडली होती. नारळ कोणी द्यायचा यावर ती सूचना अडली.

नारळावरून देणग्या आठवल्या. आख्यान ऐन रंगात आले, नायिकेचा पदर नायकाच्या हाती लागला, संबळाची लय दुप्पट झाली, की नेमका पुकारा होतो: अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये. नाईक तत्काळ थांबतो, देणाऱ्याच्या नावासह त्याच्या वडिलांचे आणि कुलदैवताचे नाव चालीत गुंफतो, आणि पदर हवेत तसाच राहतो. एकाचे एकशे एक झाले की चुलतभावाचे दोनशे एक येतात. मग पहिल्याला नातवाच्या नावाने आणखी शंभर द्यावे लागतात. अशा रीतीने एका भावकीच्या ईर्ष्येवर पदर पाऊण तास तरंगतो. नगरवासी रसिकांना हा रसभंग वाटतो. त्यांना मी इतकेच निवेदन करीन, की भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन असे असून, सांची आणि भारहुत येथील बौद्ध स्तूपांवर ज्या दात्यांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली त्यांत या भोगवर्धनचे रहिवासी आहेत. एवढ्या दूर जाऊन, परप्रांतीच्या दगडावर, टाकीचे घाव घालवून ज्यांनी आपली देणगी गावाच्या नावानिशी जाहीर करवून घेतली, त्यांचे वंशज घरच्या सभामंडपात एकशे एक रुपये देऊन गप्प बसतील ही अपेक्षाच इतिहासाला धरून नाही.

अलीकडे या खात्यात एक यांत्रिक कारकून नेमला गेला आहे. देवळासमोरच्या दुकानदाराने आपला क्यूआर कोड मंडळींच्या ताटाशेजारी आणून ठेवला, आणि त्याबरोबर रक्कम पुकारणारा तो छोटा डबाही आणला. हा डबा हिंदीत बोलतो. इकडे द्रौपदी संकटात असते आणि तिकडे तो शांतपणे इक्यावन्न रुपये मिळाल्याचे सांगतो. त्याच्या कारभारात पक्षपात नाही, रक्कम तो वाढवून सांगत नाही की दडवीत नाही. पण दात्याचे नाव घेत नसल्यामुळे गावाने त्याला पहिल्याच रात्री नापास केले. ज्यांनी मोबाइलवरून पैसे दिले होते त्यांनी उठून, आपणच ते दिले, असे तोंडी निवेदन केले. काहींनी पडद्यावरची पावती आजूबाजूस फिरवली. आता रोख देणाऱ्यांचे नाव नाईक घेतो, मोबाइलवाल्यांचे दुकानदार घेतो, आणि दुकानदार थोडा बेसूर असल्यामुळे रोखीकडे लोकांचा ओढा वाढला आहे.

या सर्व हुद्द्यांत श्रेष्ठ हुद्दा हुंकाऱ्याचा. गोंधळाच्या रचनेतच नाईकाचा एक साथीदार असा असतो, की त्याने अडाण्याचे सोंग घेऊन प्रश्न विचारावेत, हं म्हणावे, कधी उलटसुलट समजून घ्यावे, आणि नाईकाने त्याला समजावता समजावता कथा पुढे न्यावी. हे काम पिंपळगावात एका साथीदारावर सोडलेले नाही. सभामंडपातील प्रत्येक माणूस हं म्हणतो. म्हाताऱ्यांचा हं लांब आणि संशयी असतो, तरुणांचा तोकडा. बायकांच्या बाजूने येणारा हं पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असल्याचा असतो. भोंग्याचा पदच्युत मालकदेखील रुसवा सोडून एव्हाना या खात्यात दाखल झालेला असतो, आणि त्याचा हं सर्वांत मोठा असतो.

जांभूळ आख्यानाची एक रात्र सांगण्याजोगी आहे. शाहीर विठ्ठल उमप यांनी हे आख्यान रंगमंचावर आणून सर्वतोमुखी केले, ते २०१० साली निवर्तले. पण त्याची कथा सांगत मंडळी अजून गावोगाव फिरतात. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात पाचांवर सहाव्याचा विचार डोकावतो, कृष्ण तो ओळखतो, आणि वनात नेऊन एका जांभळाच्या निमित्ताने तिच्याकडून तो वदवून घेतो, असा त्याचा गाभा. नाईकाने द्रौपदीचे रूप उभे केले, पाची पांडव पंगतीला बसवले, आणि कर्णाचे आगमन वर्णिण्यासाठी स्वर चढवला, तोच खांबाशी बसलेल्या आबांनी हात वर केला.

"नाईक, कर्न तं कौरवाइकडला. त्यो यांच्या घरी कामून आला? आवतन व्हतं का त्याला?"

शहरातील गायक अशा जागी काय करील, ते मला ठाऊक नाही. नाईकाने संबळ थांबवला नाही. तो त्याच लयीत आबांकडे वळून म्हणाला, "आबा, आवतन व्हतं, पन उशिरा पोचलं. म्हनून तं त्यो जेवन झाल्यावर आला. भोकरदनची गाडी चुकली त्याची."

आबांचे समाधान झाले. उशिरा पोचलेले निमंत्रण आणि चुकलेली गाडी या दोन्ही गोष्टी त्यांच्या अनुभवकक्षेत होत्या, आणि तेवढ्याने महाभारत त्यांना एकदम विश्वसनीय वाटू लागले. पुढे कृष्णाने द्रौपदीच्या मनातील गोष्ट ओळखली, असे येताच शाळेतले एक तरुण गुरुजी म्हणाले, की मनात आलेले दुसऱ्याला कसे कळेल, याला आधार काय? नाईक उत्तर जुळवीत होता, पण तो बोलण्यापूर्वीच बायकांच्या बाजूने, डोक्यावरचा पदर सारखा करीत, एक वृद्ध आवाज उमटला, "मास्तर, बाईच्या मनातलं भावालाच कळतंय. नवऱ्याला कव्हा कळलंय?"

सभामंडप जो हसला तो बराच वेळ हसत राहिला, आणि त्यात पुरुषांचे हसणे किंचित उशिरा सुरू झाले. नाईकाने ते वाक्य उचलले, दोनदा घोळवले, तिसऱ्या खेपेस संबळावर बसवले. पुढल्या वर्षी दुसऱ्या एका गावी त्याच नाईकाच्या मुखातून ते मी ऐकले, तेव्हा ते जणू परशुरामाच्या काळापासून तेथेच होते अशा डौलाने आले. त्या आजीबाईंना हे कळवले असता त्या म्हणाल्या, "म्हनू दे. आमचं काय खर्च झालं?" स्वामित्वहक्काचा कायदा ज्यांनी रचला त्यांना असा लेखकवर्ग पाहावयास मिळाला नसावा.

रात्र चढते तसे हुद्दे बदलतात. दिवटीला तेल घालणारा तेवढा जागा राहतो, कारण त्याला झोपण्याची सोयच नाही. पोरे पुढच्या रांगेत एकमेकांच्या अंगावर निजतात. मोठी माणसे भिंतीला टेकून डोळे मिटतात आणि आपण तल्लीन झालो आहोत असा खुलासा, कोणी विचारले नसता, करतात. ही निद्राही फुकट जात नाही. कारण पहाटे आरतीच्या वेळी झोपलेल्यांना उठवण्याचा मान ज्या कुटुंबाकडे आहे, त्याला कोणी तरी झोपलेले लागतेच.

शासनाचे आणि संस्थांचे लोककला महोत्सव होतात, त्यांत अशा मंडळींना बोलावणे येते, आणि ते आले पाहिजे यात शंका नाही. परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्यांनी मराठवाड्याचा गोंधळ शहरांच्या रंगमंचापर्यंत नेला म्हणून कित्येकांना तो पहिल्यांदा माहीत झाला, डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य वेचले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या सगळ्या विषयालाच एक राजमान्य दाखला मिळाला. पण आमच्या नाईकाने एका शहरातील महोत्सवाची जी हकिकत सांगितली ती अशी. वीस मिनिटे दिली होती. अंधार होता. "लोक चांगले व्हते, सायेब. टाळ्या लई वाजवल्या. पन कुनी हं म्हनंना. मी कर्न आनला, कुनी इचारलं नाही का आला. मला वाटलं, यांना ठाव तरी हाये का मी काय सांगायलो? मंग मीच मला इचारलं, मीच सांगितलं, अन् उतरलो." बिदागी धनादेशाने मिळाली, स्मृतिचिन्ह मिळाले; ते स्मृतिचिन्ह घरी फळीवर ठेवले आहे आणि त्यामागे तो पावत्या खोचतो.

माझे मत असे, की गोंधळ्याला मोठा रंगमंच, प्रखर दिवे आणि उत्तम ध्वनियंत्रणा यांपैकी काही नसले तरी चालते, मात्र शंका काढणारा आबा नसला तर चालत नाही. आणि आबांची भरती हल्ली मंदावली आहे. लग्नाच्या आदल्या रात्री गोंधळ घालण्याची ज्या घरांची रीत होती त्यांतली काही आता विधीपुरता चौक मांडून, अर्ध्या तासात आरती उरकून, उरलेली रात्र डीजेच्या स्वाधीन करतात; डीजेला प्रश्न विचारता येत नाही, विचारला तरी ऐकू जात नाही. तरुण मंडळी गोंधळाला येत नाहीत असे मात्र नाही. येतात, मोबाइल वर धरून चित्रण करतात, आणि दोन्ही हात व अर्धे लक्ष त्यात गुंतल्यामुळे त्यांच्याकडून हुंकार निघत नाही. सभामंडपातील एकमेव खरे श्रोते तेच, आणि नाईकाची खरी तक्रार त्यांच्याविषयी आहे.

म्हणून वाचकांपैकी कोणाचे त्या बाजूला जाणे झाले, नवरात्रात म्हणा वा एरवी एखाद्या घरच्या कार्यात म्हणा, तर त्यांनी कडेला खुर्ची मागून बसू नये. खाली सतरंजीवर बसावे, जो हुद्दा वाट्यास येईल तो पतकरावा, कणकेविषयी मत विचारले तर द्यावे, आणि कथा अडली तेथे हं म्हणावे; शंका असेल तर ती मोकळेपणाने काढावी, नसेल तर एखादी तयार करावी. बिदागी रोख द्यावी आणि ती आरतीपूर्वी द्यावी, कारण आरती झाली की मंडळींना दुसऱ्या गावच्या कार्यासाठी पहाटेची पहिली एसटी गाठायची असते.